वाचक विचारतात : नाईट ड्युटी, मचूळ पाणी आणि सॅनिटायझरची बाटली

५ मे हा जागतिक हात स्वच्छता दिन. त्यानिमित्त रुग्णालयात काम करणाऱ्या वाचकांकडून आम्ही प्रश्न मागवले होते. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यावरून पत्रे आली, बहुतेक परिचारिकांची. पत्रलेखकांची आणि रुग्णालयांची नावे मुद्दाम छापलेली नाहीत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

तीस खाटांच्या वॉर्डात रात्री मी एकटी असते. भिंतीवर ‘पाच क्षण’ लिहिलेला तक्ता आहे. तो तंतोतंत पाळायचा तर रात्रभर हातच चोळत बसावे लागेल. खरोखर शक्य आहे का?
— स्टाफ नर्स, कुडाळ तालुका

शक्य आहे, पण कामाचा क्रम बदलावा लागेल. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलेले पाच क्षण असे : रुग्णाला हात लावण्याआधी, सलाईन, इंजेक्शन, ड्रेसिंग, कॅथेटर अशा स्वच्छ कामाआधी, रक्त, लघवी, थुंकी अशा द्रावांशी संबंध आल्यानंतर, रुग्णाला हात लावून निघताना, आणि रुग्णाला न शिवता फक्त त्याची खाट, लॉकर, सलाईनचा स्टँड हाताळून निघताना. तक्त्यात हे पाच वेगळे चौकोन दिसतात, म्हणून दर रुग्णामागे पाच वेळा असा समज होतो. प्रत्यक्षात क्षण एकमेकांवर पडतात. पहिल्या खाटेवरून थेट दुसरीवर जाताना, मध्ये कशालाही हात लागला नाही, तर एकदाच चोळलेला हात पहिलीसाठी ‘नंतर’चा आणि दुसरीसाठी ‘आधी’चा ठरतो. म्हणजे तीस रुग्णांच्या टीपीआर (ताप, नाडी, श्वास) आणि बीपीच्या फेरीत हात चोळायचे एकतीस वेळा. प्रत्येक वेळी २५ सेकंद धरले तरी तेरा मिनिटे होतात. त्यातली बरीचशी चालण्यातच जातात, कारण चालता चालता हात चोळायला कुठलीच हरकत नाही.

घोळ होतो तो पेन आणि फाइलमुळे. बीपी घेतला, खिशातले पेन काढले, टेबलावरच्या फाइलमध्ये लिहिले आणि पुढच्या खाटेवर गेलो, की दोन वेळा हात स्वच्छ करावे लागतात : फाइलला शिवण्याआधी आणि पुढच्या रुग्णाआधी. टीपीआर चार्ट खाटेच्या पायथ्याशी अडकवून पेनही तिथेच दोरीने बांधले, तर लिहिणे त्या रुग्णाच्याच परिसरात उरकते आणि एक वेळ वाचते. दोरी-पेनला खर्च नाही, इन्चार्ज सिस्टरची परवानगी तेवढी लागेल.

दुसरा बदल एकाच रुग्णाच्या कामांच्या क्रमात. स्वच्छ काम आधी, घाण काम शेवटी. युरोबॅग (लघवीची पिशवी) रिकामी करून मग व्हेनफ्लॉनमधून (शिरेत बसवलेल्या सुईतून) इंजेक्शन दिले, तर मध्ये ग्लोव्हज काढून हात स्वच्छ करणे आलेच, शिवाय निघताना पुन्हा. उलट आधी हात चोळून इंजेक्शन, शेवटी ग्लोव्हज घालून युरोबॅग, ग्लोव्हज काढून हात चोळले की तेच निघतानाचेही झाले.

घाईत एखादा क्षण सुटणारच असेल, तर पाचांतला दुसरा, म्हणजे स्वच्छ कामाआधीचा, सुटू देऊ नका. स्वतःला किळस वाटते म्हणून लघवी-रक्तानंतरचे हात सगळेच धुतात. सलाईनच्या तोंडाला हात लावण्याआधीचे मात्र सहज राहून जातात, आणि जंतू थेट रक्तात जायचा रस्ता तोच असतो.

आता २५ सेकंदांत काय करायचे ते. पंप बहुतेक वेळा एका दाबात दीड मिलिलिटरच्या आसपास देतो, म्हणून दोन दाब घ्या, साधारण ३ मिलिलिटर. हात मोठे असतील तर जास्त. खूण एकच : २० ते ३० सेकंद हात ओले राहिले पाहिजेत. दहा सेकंदांत सुकले, तर घेतले होते कमी. तळवा-तळवा, तळवा दुसऱ्या हाताच्या पाठीवर बोटे अडकवून, समोरासमोर बोटांच्या बेचक्या, मुठी अडकवून बोटांची मागची बाजू, अंगठा मुठीत धरून फिरवणे आणि शेवटी बोटांची टोके तळव्यावर गोल, असा शिकवलेला क्रम आहे. अंगठा आणि बोटांची टोके नेहमी कोरडी राहतात, कारण तिथवर पोहोचेपर्यंत द्रव उडालेला असतो. त्यामुळे पहिल्यांदा तळव्यातल्या ओल्या थारोळ्यात दोन्ही हातांची टोके बुडवा आणि मग बाकीचा क्रम करा, असे आमचे मत आहे. रुग्णाला लागतात ती टोकेच.

पावसाळ्यात दमट हवेने हात लवकर सुकत नाहीत आणि ते एप्रनला पुसायचा मोह होतो. एप्रनवर सकाळपासूनचे सगळे वॉर्डातले आहे. पुसलेत तर चोळणे फुकट.

आमचे उपकेंद्र खाडीला लागून आहे. चैत्र सरला की विहिरीचे पाणी मचूळ होते, साबणाला फेस येत नाही, हात बुळबुळीत राहतात. पावसाळ्यात तेच पाणी गढूळ. अशा पाण्याने हात धुऊन उपयोग होतो का? ब्लीचिंगच्या पाण्यात हात बुडवले तर?
— एएनएम, गुहागर तालुका

फेस येत नाही तो निव्वळ मिठाने नव्हे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे सव्वा ग्रॅम मॅग्नेशियम आणि ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. जांभ्यातल्या विहिरीचे पाणी एरवी मऊ. पण उपसा वाढून गोड्या पाण्याची पातळी खाली गेली की खाडीचे पाणी आत शिरते आणि ही दोन्ही येतात. साबणातल्या स्निग्धाम्लांशी त्यांचा संयोग होऊन जो न विरघळणारा साका होतो, तो हाताला चिकटतो. निम्मा साबण त्यातच खर्ची पडतो. शाळेत शिकलेले ‘दुष्फेन’ पाणी ते हेच. उकळून किंवा तुरटी फिरवून हा खारेपणा जात नाही.

उपाय दोन. साबणाच्या वडीऐवजी द्रव हँडवॉश वापरा. बहुतेक हँडवॉशमध्ये खरा साबण नसून डिटर्जंटच्या जातीचे घटक असतात आणि त्यांना अशा पाण्यातही फेस येतो. दुसरा, पाणी लागणारी वेळच कमी करा. हातावर दिसणारा मळ, रक्त किंवा ओशटपणा नसेल तर सॅनिटायझर पुरतो आणि अधिक चांगला ठरतो. साबण-पाणी लागतेच अशा जागा मोजक्या : हात दिसायला मळलेले असणे, शौचालयातून येणे आणि जुलाबाचा रुग्ण. जुलाबातल्या नोरोव्हायरससारख्या विषाणूंवर अल्कोहोल कमजोर पडते आणि क्लॉस्ट्रिडियम या जुलाबाच्या जंतूच्या बीजाणूंवर चालतच नाही. हे चोळून मरत नाहीत, धुऊन वाहून जातात. डोळे येण्याच्या साथीतही हेच धोरण ठेवा, कारण अॅडिनोव्हायरसही अल्कोहोलला चिवट आहे.

वैशाखात पाणी मोजून वापरायचे असेल तर नळ लावलेली झाकणाची बादली उंचावर ठेवा. हात ओले करा, नळ बंद, हँडवॉश घेऊन वरच्याच क्रमाने चोळा, नळ सुरू करून खळखळून धुवा. आरंभापासून सुकवण्यापर्यंत सगळे ४० ते ६० सेकंदांत होते. मिनिटाला सहा लिटर सोडणारा नळ पूर्ण वेळ उघडा ठेवला तर एका धुण्याला पाच-सहा लिटर जातात, चोळताना बंद ठेवला तर त्याच्या निम्म्याहून कमी. बादलीत तांब्या-मग बुडवू नका. तो धरणारा हात धुण्याआधीचा असतो.

गढूळ पाणी आधी तुरटीने निवळू द्या, मगच क्लोरीन. उलट केलेत तर क्लोरीन चिखलातच संपते. चांगल्या ब्लीचिंग पावडरीचे प्रमाण १,००० लिटरला साधारण २.५ ग्रॅम, म्हणजे २,००० लिटरच्या टाकीला ५ ग्रॅम. थोड्या पाण्यात पेस्ट करा, आणखी पाणी घालून दहा मिनिटे ठेवा, खाली बसलेला चुना सोडून वरची निवळी टाकीत ओता, ढवळा आणि तास थांबा. नळाच्या तोटीशी मोकळे क्लोरीन लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम दिसले पाहिजे. दिसत नसेल तर आधी पावडरीवर संशय घ्या. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असते, पण कोकणच्या दमट हवेत उघडी पिशवी झपाट्याने निकामी होते. घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधारात, कोरड्या जागी ठेवा.

हात मात्र ब्लीचिंगमध्ये बुडवू नका. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले, हे खरे. त्यांच्याकडे सॅनिटायझर नव्हता. दिवसातून तीस वेळा त्या पाण्यात घातलेली कातडी टिकणार नाही.

आणि धुतल्यावर पुसायचे कशाला? ओला हात कोरड्या हातापेक्षा कितीतरी जास्त जंतू पुढे नेतो, त्यामुळे हा प्रश्न धुण्याइतकाच मोठा आहे. खिळ्याला टांगलेला सगळ्यांचा एक टॉवेल श्रावणात चार दिवस वाळत नाही. जुन्या सुती चादरींचे वीतभर चौकोन कापा, शिवून घ्या, एकदा वापरला की धुवायच्या बादलीत. धुऊन वाळवून इस्त्री करा. त्याच चौकोनाने नळ बंद करायचा.

ग्लोव्हज घातले असताना हात धुवायची काय गरज? आणि ग्लोव्हजवरच सॅनिटायझर लावले तर?
— नर्सिंग विद्यार्थिनी, रत्नागिरी

ग्लोव्हजला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असू शकतात, आणि काढताना मनगटाला बाहेरची बाजू लागतेच. म्हणून घालण्याआधी आणि काढल्यावर हात स्वच्छ करायचे. तपासणीचे ग्लोव्हज धुऊन किंवा सॅनिटायझर लावून दुसऱ्या रुग्णाला वापरायचे नाहीत : रबर खराब होते, छिद्रे वाढतात. आणखी एक. सॅनिटायझर पूर्ण सुकल्याशिवाय ग्लोव्हज चढवू नका. आत कोंडलेले अल्कोहोल कातडी जाळते आणि पावडरचे ग्लोव्हज असतील तर ओल्या हातावर कणकेसारखे लगदे होतात.

सॅनिटायझर लावले की हात चरचरतात, बोटांच्या सांध्यांवर भेगा पडल्यात. म्हणून मी आता फक्त साबणच वापरते. घरी खोबरेल लावते. बरोबर आहे का?
— स्टाफ नर्स, अलिबाग तालुका

उलटे करता आहात. चरचर अल्कोहोलमुळे होते असे वाटते, पण भेगा आधीच पडलेल्या असतात आणि अल्कोहोल त्या दाखवून देते, लिंबू पिळताना बोटावरची कापलेली जागा कळते तसे. कातडीतला स्निग्ध अंश धुऊन नेतो तो साबण. ग्लिसरीनसारखा मऊ ठेवणारा घटक असलेला सॅनिटायझर साबणापेक्षा कातडीला सौम्य असतो.

भेगा पडण्याची आम्हाला नेहमी दिसणारी कारणे : साबणाने धुऊन ‘खात्रीसाठी’ लगेच वर सॅनिटायझर लावणे (एका वेळी एकच पुरे, शिवाय ओल्या हातावर तो पातळ होऊन निकामी होतो); गरम पाण्याने धुणे; साबण नीट न खळखळणे; आणि हात ओले असतानाच ग्लोव्हज घालणे. यातले तुम्ही काय करता ते आठ दिवस टिपून पाहा.

खोबरेल चांगले, पण वेळ पाहून. तेल आणि पेट्रोलियम जेली लॅटेक्सच्या ग्लोव्हजला कमकुवत करतात. ड्युटी संपल्यावर आणि रात्री झोपताना भरपूर लावा. ड्युटीत जेवणाच्या सुट्टीत पाण्यात मिसळणारे क्रीम, तेही आपापल्या ट्यूबमधून. सगळ्यांनी बोटे घातलेल्या डब्यातून नको. भेगांतून पाणी सुटत असेल, पुरळ मनगटापर्यंत चढले असेल किंवा फक्त ग्लोव्हजच्या रेषेपर्यंत खाज येत असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. शेवटचे लॅटेक्सच्या अॅलर्जीचे असू शकते. फुटलेल्या कातडीत जंतू ठाण मांडतात, म्हणून हा केवळ तुमच्या त्रासाचा प्रश्न नाही. अशा हातांनी काम करण्यापेक्षा इन्चार्जना सांगून काही दिवस वेगळे काम मागणे योग्य.

नवीन लग्न झाले आहे. हिरवा चुडा वर्षभर उतरवायचा नाही असे सासूबाईंचे म्हणणे. काय करू?
— स्टाफ नर्स, देवगड तालुका

सासूबाईंशी भांडण लावून द्यायची आमची इच्छा नाही, पण ड्युटीवर चुडा नको. काचेच्या बांगड्यांखाली मनगट धुतले जात नाही, ग्लोव्हजच्या कडा त्यांत अडकून फाटतात, आणि फुटली तर काच रुग्णाच्या अंथरुणात. ड्युटीवर जाताना उतरवून डब्यात, घरी आल्यावर पुन्हा हातात. बांगडी घट्ट असून उतरत नसेल तर कासाराकडून एक माप मोठी भरून घ्या. अंगठीखालच्या कातडीवर जंतू जास्त सापडतात. ती मंगळसूत्रात ओवून मंगळसूत्र गणवेशाच्या आत ठेवा. मनगटाचा काळा दोरा किंवा गंडा सगळ्यात वाईट, कारण तो दिवसभर ओला राहतो. तो दंडावर बांधता येईल. घड्याळ खिशावर पिनेने लावायचे. नखे अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा लहान. कृत्रिम नखे अजिबात नाहीत.

रुग्णालयातच सॅनिटायझर बनवायचा आहे. प्रमाण द्या.
— औषधनिर्माण अधिकारी, रायगड जिल्हा

जागतिक आरोग्य संघटनेचे दहा लिटरचे दुसरे सूत्र असे : आयसोप्रोपिल अल्कोहोल (९९.८ टक्के) ७,५१५ मिलिलिटर, हायड्रोजन पेरॉक्साइड (३ टक्के) ४१७ मिलिलिटर, ग्लिसरीन (९८ टक्के) १४५ मिलिलिटर, आणि दहा लिटरच्या खुणेपर्यंत डिस्टिल्ड किंवा उकळून गार केलेले पाणी. अल्कोहोल ७५ टक्के पडते. इथेनॉल (९६ टक्के) वापरायचे तर ८,३३३ मिलिलिटर, बाकी तेच, आणि ते ८० टक्के पडते. निव्वळ अल्कोहोल अधिक जहाल असेल असे समजू नका. जंतूंची प्रथिने गोठायला थोडे पाणी लागते.

चुका होतात त्या अशा. दुकानात मिळणारे पेरॉक्साइड पुष्कळदा ६ टक्क्यांचे असते, लेबलवर ‘२० व्हॉल्यूम’ लिहिलेले. तसे असेल तर निम्मे, म्हणजे २०८ मिलिलिटर घाला. ग्लिसरीन मापाला चिकटून राहते, म्हणून सूत्रातल्याच थोड्या पाण्याने माप विसळून ते आत ओता. पाणी घातल्याबरोबर झाकण लावा, नाहीतर अल्कोहोल उडत राहते. बाटल्या भरल्यावर ७२ तास वापरू नका. पेरॉक्साइड हातासाठी नसून बाटलीतले बीजाणू मारण्यासाठी आहे आणि त्याला तेवढा वेळ लागतो. अत्तर घालू नका. जाळायचे स्पिरिट कधीही वापरू नका, त्यात मिथेनॉल असू शकते.

७५ टक्के आयसोप्रोपिलची वाफ १९ अंश सेल्सिअसला पेट घेऊ शकते. आपल्याकडे माघातल्या पहाटेही भांडारघर याहून उबदार असते. साठा स्टरिलायझर, विजेचा बोर्ड आणि हो, ड्युटीरूममधल्या देवाच्या दिव्यापासून लांब.

रिकाम्या बाटलीत वरून भर घालू नका. धुऊन, पूर्ण वाळवून मग भरा. हँडवॉशला हा नियम आणखी कडक लावा. पुरवायला म्हणून त्यात पाणी ओतले की टिकवणारे द्रव्य पातळ होते आणि बाटलीतच जंतू वाढतात. डॉक्टरांच्या राउंडला फिरणारे अँटिसेप्टिकच्या पाण्याचे भांडे अजून कुठे असेल तर ते आजच अडगळीत टाका. पातळ अँटिसेप्टिकमध्ये स्यूडोमोनास हा जंतू सुखाने वाढतो.

तपासणी पथक आले की आमचा वॉर्ड शंभर टक्के हात धुतो. एरवीचे खरे चित्र कसे कळेल?
— इन्चार्ज सिस्टर, पालघर जिल्हा

माणूस पाहत असेल तर हात धुतले जातात, हे जगभर दिसते. निरीक्षणाची रीत अशी : वीस मिनिटे उभे राहून हात स्वच्छ करण्याच्या संधी किती आल्या आणि त्यांतल्या कितींत हात स्वच्छ केले ते टिपायचे, भागून शंभराने गुणायचे. एका वॉर्डाच्या निदान २०० संधी जमल्याशिवाय टक्केवारीला अर्थ नाही. प्रत्येक क्षणाची टक्केवारी वेगळी काढा. सरासरीत ‘आधी’चे क्षण लपतात.

याला जोड म्हणून बाटल्या मोजा. जागतिक आरोग्य संघटनेचा स्वयंमूल्यांकनाचा निकष १,००० रुग्णदिवसांना निदान २० लिटर सॅनिटायझर असा आहे. तुमच्या तीस खाटा महिनाभर भरलेल्या असतील तर ९०० रुग्णदिवस, म्हणजे १८ लिटर. हा आकडा फार वाटत असेल तर उलटा हिशेब करा : एका रुग्णामागे दिवसाला २० मिलिलिटर, म्हणजे तीन पाळ्यांत मिळून जेमतेम सात वेळा. महिन्याला तीन-चार लिटरच जात असतील, तर कुणाला बोल लावण्याआधी बाटल्या कुठे ठेवल्यात ते पाहा. चोरी होईल म्हणून कपाटात, किंवा दाराशी एकच? प्रत्येक खाटेला ब्रॅकेट लावता आले तर उत्तम, नाहीतर ड्रेसिंग ट्रॉलीवर एक आणि प्रत्येक सिस्टरच्या खिशाला १०० मिलिलिटरची एक. दर सोमवारी वजन करून पाटीवर लिहा.

आई बाळंतपणानंतरच्या वॉर्डात आहे. सिस्टर एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर तशाच जातात. बोलले तर आईशी नीट वागणार नाहीत, अशी भीती वाटते.
— मालवण

आधी स्वतःचे हात. बाळाला घेण्याआधी, आईला भरवण्याआधी आणि बाळाचे दुपटे बदलल्यावर साबणाने धुवा. बाळाला पाहायला आलेल्या प्रत्येकाला तेच सांगा, मासळीबाजारातून थेट आलेल्या काकांनाही. सॅनिटायझरची छोटी बाटली खाटेजवळच्या लॉकरवर समोर दिसेल अशी ठेवा. सिस्टर टाक्यांची जागा पाहायला आल्या की बाटली पुढे करून ‘सिस्टर, हे घ्या, इथेच ठेवलंय’ म्हणा. यात आरोप नाही, सोय आहे. रात्री तीस खाटांना एकटी असलेली बाई बहुधा ती घेईल. तरीही टाके तपासायला हात न धुताच पुढे आले, तर सरळ थांबवा आणि इन्चार्ज सिस्टरांच्या कानावर घाला. टाक्यांभोवती लाली, घाण वासाचा स्राव, थंडी वाजून ताप यांतले काही दिसले तर राउंडची वाट न पाहता लगेच सांगा.